स्वच्छ जखम

"माझ्या दोन भावांपैकी एक जण बाबांना मारतोय," ती म्हणाली. "कोण, ते मला बुधवारपर्यंत सांगा. नंतर सांगून उपयोग नाही."

एवढं बोलून झाल्यावर ती खुर्चीत बसली. लोक आधी बसतात, मग पाणी मागतात, मग हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि मग मुद्द्यावर येतात. हिनं उलटं केलं. वहिनींना अशी माणसं आवडत. भावोजींची मात्र पंचाईत झाली, कारण त्यांनी अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

दारावर पाटी होती, 'खाजगी तपास. येण्याआधी फोन करावा.' फोन करून कधीच कुणी आलं नाही. पाटीमागच्या बाई पंचावन्न वर्षांच्या, जाड भिंगांच्या आणि कमी बोलणाऱ्या. विमा कंपनीत बावीस वर्षं त्यांनी लोकांचे खरे आजार आणि खोटे आजार वेगळे केले होते. गल्लीभर त्यांना वहिनी म्हणत, आणि त्याचं कारण भावोजी. ते त्यांचे दीर, निवृत्त मोजणीदार. जन्मभर जमिनी मोजल्या आणि आता वहिनींबरोबर हिंडून वह्या भरत होते. दर माणसाला एक नवं पान, वर तारीख, खाली अधोरेखित नाव. वही इतकी नेटकी की तिच्यातून कधी काही सापडत नसे.

पाहुणीच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. भावोजी हळहळले. "रडून रडून डोळे सुजले असतील हो तुमचे."

"रडायला वेळ कुठाय?" तिनं चष्मा काढला. उजव्या पापणीवर पिवळं तोंड धरलेली टपोरी रांजणवाडी होती. "ही आलीय. लोक बघत बसतात म्हणून चष्मा."

भावोजींनी 'रांजणवाडी' लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घेत.

हकिकत साधी होती. वडिलांचा चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे बनवण्याचा कारखाना. वय बहात्तर. बोटांचे सांधे धरलेले, म्हणून काम थोरल्याकडे सोपवलेलं. तरी हाताला चैन नाही, घरी बसून एखादा पट्टा कापायचेच. अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, चामडं कापायची रापी सटकली आणि अंगठ्याच्या मुळाशी कापलं. रविवारी ताप चढला. मंगळवारी दवाखान्यात न्यावं लागलं.

"डॉक्टर म्हणतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. कशानं तरी मारल्यात. कशानं ते कळलं तर कदाचित काही करता येईल. नाहीतर..." ती थांबली. "आज सोमवार. दोन-तीन दिवस म्हणालेत."

"भावांवरच संशय का?" वहिनींनी विचारलं.

"दुसरं येतंच कोण घरात? आई जाऊन दहा आठवडे झाले. तेव्हापासून आम्ही दिवस वाटून घेतलेत. सोमवार-मंगळवार थोरला, बुधवार-गुरुवार धाकटा, शुक्रवार-शनिवार मी. रविवारी कारखान्यातले उस्ताद येऊन बसतात."

"सगळे मिळून का नाही?"

"आई गेली त्याच आठवड्यात कारखान्यावरून वाजलं आमचं. बाबांच्या खाटेपाशीच. तेव्हापासून कुणी कुणाशी बोलत नाही. बाबांनी त्या दिवशी नियमच घातला. माझ्यासमोर एकमेकांचं नाव काढायचं नाही. काल कोण आलं, काय केलं, काय खाऊ घातलं, एक शब्द नाही. ज्याचा दिवस त्यानं आपल्यापुरतं बघायचं आणि जायचं."

"आणि तुम्ही तिघांनी ते पाळलं?"

"तेवढी एकच गोष्ट तिघांनी पाळली," ती म्हणाली आणि तिचं तिलाच कसंनुसं झालं.

"तुझ्या दिवशी काय देतेस त्यांना?"

"पातळ, गार, बिनतिखटाचं. महिनाभर तोंड आलंय त्यांचं, पाणीसुद्धा झोंबतं. मीही त्याच पातेल्यातलं खाते. औषधं म्हणाल तर रक्तदाबाची रोज. सांध्यांची पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच, ती शुक्रवारी आल्याआल्या देते, न चुकता. दोन वर्षं चालूच आहे ती, आधी आई द्यायची." तिनं बोटं एकमेकांत गुंतवली. "जखम मीच धुतली हो, शुक्रवारी आणि शनिवारी. इतकी स्वच्छ होती! लाली नाही, सूज नाही, पुवाचा थेंब नाही. मला वाटलं, चला, एवढं तरी नशीब."

वहिनींनी मान वर केली. "पुन्हा सांग."

"काय?"

"जखमेचं."

तिनं पुन्हा सांगितलं. वहिनी चपला शोधायला लागल्या.

दवाखान्यात म्हातारबांना काचेच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. आत जाणाऱ्यानं हात धुवायचे, तोंड बांधायचं, झगा घालायचा. आत एका वेळी एकच माणूस. वहिनी आणि भावोजी काचेबाहेरच उभे राहिले.

माणूस मोठ्या हाडाचा असावा, पण गादीत रुतून गेला होता. ओठ फुटलेले, हिरड्यांतून रक्त, बोलणं बंद. उजवा हात पांघरुणावर होता आणि नर्स पट्टी बदलत होती. वहिनींनी कपाळ काचेला टेकवलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन इंचांची चीर होती, फिकट, कोरडी, कडा उघड्या. अकरा दिवसांत ना ती चिघळली होती, ना मिटली होती.

"दिसायला किती बरी आहे," भावोजी म्हणाले.

"तेच तर वाईट आहे," मागून डॉक्टर म्हणाले. वय तिशीतलं, चेहरा झोप नसलेला. वहिनींना ते ओळखत होते, विम्याच्या एका जुन्या भांडणापासून. भावोजींच्या हातातली वही बघून त्यांनी त्यांनाच समजावलं.

"हे बघा काका, आपल्याभोवती जंतू सतत असतात. आत शिरू नयेत म्हणून जन्मापासून बंदोबस्त असतो. कातडी ही पहिली भिंत. तोंडातलं ओलं अस्तर, डोळ्यांतलं पाणी, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल, हे सगळे दारावरचे. तरी कापलं, खरचटलं की काही आत घुसतातच. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यांना शत्रूची ओळखदेख लागत नाही. परका दिसला की तुटून पडायचं, एवढंच त्यांना येतं. त्या जमतात म्हणून जागा लाल होते, सुजते, गरम होते. त्या मरतात, त्यांचा ढीग म्हणजे पू."

"म्हणजे पू चांगला?" भावोजींचं पेन थबकलं.

"पू म्हणजे लढाई झाली. इथं कुणी आलंच नाही लढायला. जंतू आरामात आत गेले. ह्या पेशी दिवसा-दोन दिवसांच्या सोबती असतात, हाडांच्या मज्जेत रोज नव्या बनाव्या लागतात. ह्यांची मज्जाच कुणीतरी बंद पाडलीय. मी जंतूंवरची औषधं देतोय, पण नुसत्या औषधांनी भागत नाही."

"आणि ती पिवळी गोळी?" वहिनींनी विचारलं.

"पहिला संशय मला तिचाच आला. ती रोज घेतली तर असंच होतं. म्हणून तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं, रोज देता की आठवड्यातून एकदा? तिघंही म्हणाले, एकदाच. तिघांचं आपसांत वाकडं, म्हणजे ठरवून बोलायचा प्रश्न नाही. तीन साक्षी जुळल्या. शिवाय त्या मात्रेत दोन वर्षं सोसलीय, तीन महिन्यांपूर्वीचं रक्तही चोख होतं. तरी आल्या दिवशीच थांबवली." त्यांनी डोळे चोळले. "तीच असती तर बरं झालं असतं. तिला उतारा आहे, फक्त वेळेत सुरू करावा लागतो. पण मला वाटतं गोंद. थोरल्यानं नवा गोंद आणलाय, त्यातल्या पातळ द्रावणानं मज्जा जाऊ शकते. त्याला मात्र उतारा नाही."

कारखान्यात शिरताच गोंदाच्या वासानं भावोजींना ठसका लागला. एका लांब खोलीत सहा माणसं खाली मान घालून काम करत होती. टेबलांवर चामड्याच्या पट्ट्या, आऱ्या, दोऱ्याची रिळं. थोरला पन्नाशीचा, वडिलांच्याच हाडापेराचा. वहिनींचं काम कळताच त्याचा आवाज चढला.

"तिनं पाठवलं ना तुम्हाला? तिला सांगा, गोंद माझा असेल तर आधी मी मरेन. चौदा तास असतो मी इथं. बाबा तर सहा महिन्यांत इकडे फिरकलेले नाहीत."

"त्यांच्या घरी पट्टे चिकटवायला नेता?"

"बाबा चिकटवत नाहीत. शिवतात. चिकटवलेल्या पट्ट्याला ते पट्टाच म्हणत नाहीत." त्याचा आवाज खाली आला. "माझ्या दिवशी मी दाढी करून देतो त्यांची. सोमवारी सकाळी कारखाना उघडायच्या आधी जातो. मूठभर गोळ्या असतात, त्या देतो, पिवळी धरून. ती आठवड्याची एकच, डॉक्टरांना सांगितलंय मी. मग दाढी. हल्ली गालाला हात लावला तरी काळंनिळं व्हायचं. मला वाटलं, आई गेल्यापासून खचलेत."

"नेमकं केव्हापासून खचले?"

"आईनंतर तीनेक आठवड्यांनी असेल."

खिडकीपाशी उस्ताद बसले होते. सत्तरीचे, कारखान्यातले सगळ्यात जुने. त्यांच्या डाव्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली होती.

"बघू," वहिनी म्हणाल्या.

उस्तादांनी लाजत चिंधी सोडली. बोटाचं टोक लाल, टरारलेलं, मधोमध पिवळा ठिपका. "परवा आरी घुसली. होतं हो आमच्यात. मालकांना किती वेळा झालंय! ते म्हणायचे, ठणकलं की घाबरायचं नाही, आतली माणसं कामाला लागली."

"गोंद तुम्ही वापरता?"

"दिवसभर तेच तर करतो. नव्यानं डोकं चढतं थोडं."

"आणि रविवारी तुम्ही त्यांच्याकडे असता. औषधं?"

"रक्तदाबाची एक, वाटीत काढून ठेवलेली असते. बाकी पत्ते. मालक मला मुद्दाम जिंकू देतात, मी समजतो." उस्तादांनी चिंधी पुन्हा गुंडाळली. "मालक वाचतील ना?"

वहिनींनी चिंधीची गाठ नीट बांधून दिली. बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "गोंदच. माझा अंदाज पक्का."

"भावोजी, त्या बोटाकडे बघितलंत?"

"बघितलं की. पू होता. लिहिलंय."

"लिहिलंत, बरं केलंत," वहिनी म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

धाकट्याची व्यायामशाळा दोन रस्त्यांपलीकडे होती. आरशासमोर लोखंड उचलणारी माणसं आणि फळीवर पावडरींचे डबे. धाकटा अंगानं दणकट, चेहऱ्यानं पोरसवदा, नाकाच्या शेंड्यावर पिकलेली पुटकुळी. त्यानं एका डब्यावर थाप मारली.

"ही झाडपाल्याची पावडर. हाडांना चांगली. बाबांना आठवड्यातून दोनदा एक चमचा देतो, माझ्या दिवशी. मी स्वतः रोज चार चमचे घेतो. विष असतं तर मी इथं उभा असतो का?"

"त्यांना कापलं तेव्हा तुमचा दिवस होता."

त्याचा चेहरा उतरला. "मी जरा खाली गेलो होतो फोनवर बोलायला. वर आलो तर रक्त. दाबून धरलं. थांबतच नव्हतं हो. एरवी दोन मिनिटांत थांबतं."

"बाकी गोळ्या वेळेवर देता?"

"न चुकता! मी शरीराचा माणूस आहे, औषधाचं महत्त्व मला सांगू नका. आईच्या चिठ्ठीची प्रत काढून ठेवलीय मी. पिवळी आठवड्याला एक. बुधवारी गेलो की पहिलं ते काम. थोरल्याचा भरवसा नाही मला, तो कामाच्या नादात विसरेल. आणि ती तर..." तो थांबला, आणि आपल्याला बघत असलेल्या माणसांना ओरडला, "सेट पुरा करा!"

रस्त्यावर भावोजींनी वहिनींना गाठलं. "पावडर हो, पावडर. गोंद रद्द."

"त्याच्या नाकावरचं बघितलंत?"

"वहिनी, आज तुम्हाला फोड-पुटकुळ्यांशिवाय काही दिसत नाही."

"दिसत नाही खरं. भावोजी, त्यांच्या घरी चला लवकर. मला भीती वाटतेय."

भावोजींनी इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी रिक्षाला हात केला.

घर दोन खोल्यांचं. किल्ली मुलीनं दिली होती. खाट, खिडकीपाशी अर्धवट कापलेला पट्टा, त्यावर तपकिरी डाग. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन फळ्या, आणि प्रत्येक फळीवर एकेक पत्र्याचा डबा, कुलूपबंद. एकाचं मीठही दुसऱ्याच्या मिठाला लागू नये, असा बंदोबस्त. शेजारी दिनदर्शिका टांगलेली होती, दहा आठवड्यांपूर्वीच्या महिन्यावरच थांबलेली. पान उलटायचं ते कुणाचं काम, हे ठरलेलं नसावं.

वहिनी दिनदर्शिकेपुढे उभ्या राहिल्या. दर गुरुवारी पिवळ्या खडूनं छोटा गोल केलेला होता. आईचा हात. शेवटच्या गुरुवारी गोल अर्धाच राहिला होता.

"कुलपं तोडायची?" भावोजींनी उत्साहानं विचारलं.

"नको. फटीतून बॅटरी मारा."

डब्यांची झाकणं जुनी, वाकलेली. भावोजींनी उजेड धरला आणि वहिनींनी एकेका फटीला डोळा लावला. पहिल्या डब्यात चहा, साखर, गोळ्यांची पाकिटं, वर पिवळं. दुसऱ्यात पावडर, गोळ्यांची पाकिटं, वर पिवळं. तिसऱ्यात तेच.

वहिनी खाटेवर बसल्या. "भावोजी, वही द्या."

त्यांनी वही घेतली आणि, ज्या वहीचा कोपराही कधी दुमडला नव्हता, तिची तीन पानं टराटरा फाडली.

"अहो! अहो वहिनी!"

मुलीचं पान, थोरल्याचं पान, धाकट्याचं पान. तिन्ही शेजारी शेजारी अंथरून त्यांनी प्रत्येकावरच्या एकेका ओळीवर बोट ठेवलं. भावोजींनी स्वतःचंच अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचा हात तोंडावर गेला.

वहिनी तोवर फोन लावत होत्या. "डॉक्टर, उतारा सुरू करा. आत्ता. हो, पिवळ्या गोळीचा. कारण नंतर सांगते, आधी सुरू करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं भावंडं दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तीन बाकड्यांवर बसली होती, मध्ये चांगली पाच-पाच हात जागा सोडून. उस्ताद उभेच होते. डॉक्टर काचेच्या दाराशी.

"एका बाकावर या," वहिनी म्हणाल्या. "इथं पेशंट आहेत, मी ओरडणार नाही."

कुरकुरत तिघं आली. मुलगी मध्ये बसली नाही, म्हणून धाकट्याला बसावं लागलं.

"तुमच्या वडिलांच्या जखमेत पू नव्हता. तुम्हाला ते सुलक्षण वाटलं. मला पहिला धक्का तिथंच बसला. पांढऱ्या पेशी नसल्या की पू होत नाही. म्हणून मी पू शोधत हिंडले. नव्या गोंदात आठ तास हात घालणाऱ्या उस्तादांच्या बोटात पू होता, म्हणजे त्यांची मज्जा ठीक. गोंद सुटला. रोज चार चमचे पावडर खाणाऱ्या तुझ्या नाकावर पू आहे. पावडर सुटली. त्यांच्याच पातेल्यातलं जेवणाऱ्या हिच्या पापणीवर पू आहे. जेवण सुटलं."

धाकट्याचा हात नाकावर गेला.

"दुसरी गोष्ट, तोंड. कापण्याच्या कितीतरी आधीपासून ते आलेलं होतं. तोंडाचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी, दोन्ही शरीरात झपाट्यानं नव्यानं बनतात. काळेनिळे डाग, न थांबणारं रक्त, तेही मज्जेतूनच. जखम हे कारण नव्हतंच, ती फक्त उघडं दार होती. कारण असं हवं की जे भराभर वाढणाऱ्या पेशींची वाढच रोखतं. ह्या घरात तशी एकच वस्तू आहे."

"पिवळी गोळी," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले.

"पण ती आम्ही एकदाच देतो!" थोरला उसळला. "आठवड्यातून एकदा!"

"मीही एकदाच," धाकटा म्हणाला.

"मीही," मुलगी म्हणाली, आणि म्हणतानाच तिचा आवाज विरला.

वहिनींनी तीन पानं बाकावर ठेवली. "तू सोमवारी. तू बुधवारी. तू शुक्रवारी. प्रत्येकानं आठवड्यातून एकदाच, न चुकता. दहा आठवडे."

वऱ्हांड्यात कुठंतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत होतं. 

"डॉक्टरांनी विचारलं, कितीदा. तिघांनी एकच खरं उत्तर दिलं. वार कोणता, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तुम्ही आपणहून सांगितलेत, ह्यांनी तीन वेगळ्या पानांवर लिहिले, आणि मी अर्धा दिवस ती पानं अशीच वागवत हिंडले."

डॉक्टरांनी भिंतीला पाठ टेकली. "तीन साक्षी जुळल्या म्हणून मी निश्चिंत झालो," ते म्हणाले. "सहा दिवस गेले माझे."

थोरल्यानं एकेका पानाकडे बघितलं. "मग चुकीची गोळी कुणाची?" त्यानं विचारलं. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. "म्हणजे, कुणाची द्यायला नको होती?"

"तिन्ही गोळ्या बरोबर होत्या," वहिनी म्हणाल्या.

"असं कसं?"

"तू विसरला असतास तर ही वेळ आली नसती. हा विसरला असता तरी निभावलं असतं कदाचित. कुणीच विसरलं नाही."

मुलगी काचेकडे बघत होती. "बाबांना कळलं नसेल? आठवड्यात तीनदा तीच गोळी..."

"मूठभर गोळ्यांत कदाचित नसेल कळलं. कळलंही असेल. पण तुला सांगायचं, तर परवा ह्यानं दिली हे सांगावं लागलं असतं. एकाचं नाव दुसऱ्यासमोर काढावं लागलं असतं." वहिनींनी चष्मा काढून पदराला पुसला. "नियम त्यांनीच घातला होता, पुन्हा भांडण नको म्हणून."

उस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वहिनींना एरवी उलगड्यानंतर चहा लागत असे. त्या दिवशी त्यांनी घेतला नाही. चोर सापडला की माणूस निदान त्याच्याकडे बोट दाखवतो. इथं बोट दाखवायला तीन हवालदिल माणसं होती, आणि तिघांनी मनापासून सेवा केली होती. भावोजींनी फाडलेली पानं परत वहीत घालायचा प्रयत्न केला. ती बसेनात, तेव्हा त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

उतारा चालू होता. मज्जा जागी करायची सुई चालू होती. बाकी करण्यासारखं कुणाच्याच हातात काही नव्हतं. बुधवारी तिघं एकत्र आली. गुरुवारीही. नर्स पट्टी बदलायला आत गेली की तिघं काचेला नाक लावून उभी राहायची, आणि ती बाहेर आली की एकच प्रश्न विचारायची, "लाल झालंय का? जरा तरी?" शुक्रवारी धाकट्याला वाटलं, कडेला लालसर दिसतंय. थोरल्यालाही तसंच वाटलं. बहिणीनं डॉक्टरांना हाताला धरून आणलं. डॉक्टरांनी दिवा जवळ नेऊन बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. तो दिव्याचाच रंग होता.

आत एकालाच जाता येई. कुणी जायचं, यावर ती तिघं त्या दिवशी चक्क बोलली. थोरला म्हणाला, तू जा. धाकटा म्हणाला, नको, ती जाऊ दे. शेवटी आळीपाळीनं गेली, आणि प्रत्येकानं आत जाऊन बाकी दोघांची नावं घेतली. म्हातारबांनी ऐकलं की नाही, ते कुणाला सांगता आलं नाही.

सोमवारी सकाळी ती वहिनींकडे आली. ह्या वेळी फोन करून. मागे दोघं भाऊ दारातच उभे होते, चपला न काढता.

"शनिवारी गेले," ती म्हणाली. "दहाच्या सुमारास. आम्ही तिघंही होतो."

भावोजी उठले, आणि कुणाला बसायला सांगावं ते न कळून पुन्हा बसले.

"शेवटी नर्सनं हात पुसून दिला. ती नवीन होती, तिला काही माहीत नव्हतं. म्हणाली, किती छान ठेवलीय हो जखम, अगदी स्वच्छ." तिनं ओठ आवळले. "थोरल्यानं तिला थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?"

वहिनींनी तिचा हात धरला.  त्या नुसत्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आज काळा चष्मा नव्हता. डोळे रडून लाल होते, पण उजवी पापणी साफ होती.

"रांजणवाडी गेली तुझी," वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

तिनं पापणीला बोट लावून पाहिलं. कधी फुटली, कधी भरून आली, तिला आठवेना. तिनं काहीच केलं नव्हतं.